निम्मा वाटा

राजमती मगदूमच्या आईला आपली लेक नेमकं काय करते हे कधीच कुणाला धड सांगता आलं नाही. "आमची राजी डॉक्टर हाय," इथपर्यंत गाडी ठीक चालायची. पुढं कुणी "कसली डॉक्टर?" म्हणून विचारलं की बाई पदराच्या टोकाशी चाळा करत बसायची. कारण खरं सांगायचं तर, पाणी गाळून पिणाऱ्या आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकणाऱ्या सांगलीकडच्या जैन घरातली ही पोर माळामाळानं लांडग्यांचा गू गोळा करत हिंडायची. तो वाळवायचा, चाळणीत धुवायचा आणि त्यातले केस, हाडांचे तुकडे चिमट्यानं वेचून ठरवायचं की लांडग्यानं काय खाल्लं होतं, मेंढरू, ससा की उंदीर. "मुंगी पायाखाली येऊ ने म्हणून आमी खाली बघून चालतोय," आई म्हणायची, "आन ही बया खाली बघून चालतीया कशासाठी, तर गू घावतोय का म्हणून!"

राजमती हसायची. खाली बघून चालायची सवय घरचीच होती, आणि आणखीही एक सवय घरची होती. वडील जवाहर मगदूम हळदीचे व्यापारी. वजनात गुंजभर इकडचं तिकडं झालं तर पोतं पुन्हा काट्यावर चढवायचे. लेकीनं शास्त्रात तेच केलं. ती कोयनानगरला शिकत होती तेव्हा जंगलात पंजाचा एक भलाथोरला ठसा सापडला. वाघ परतला म्हणून बातमीदार आले, वाघाच्या नावानं पैसा यायची चिन्हं दिसू लागली, आणि सगळे तिच्या तोंडाकडं बघू लागले. तिनं ठसा मोजला, पुन्हा मोजला आणि म्हणाली, "बिबट्या आहे. चिखलात पसरलाय." झालं! पैसा गेला, मार्गदर्शक वर्षभर नीट बोलले नाहीत. तिला मात्र छान झोप लागली. असल्या माणसांचा हेवा वाटतो आणि रागही येतो.

पुढं ती लांडग्यांसाठी म्हसवडच्या माळावर आली आणि तिथलीच झाली. गावाबाहेर दोन खोल्यांचं संशोधन केंद्र, भोवती कुंपण, एक जुनी जीप आणि फौजेतून निवृत्त झालेला राखणदार मानसिंग, एवढाच तिचा संसार. लग्नाचं वय कधी निघून गेलं ते तिचं तिलाही कळलं नाही. लांडग्यांच्या पिढ्या मात्र तिला तोंडपाठ होत्या.

जोतिबा मेंढका तिला पहिल्याच वर्षी भेटला. त्याच्या कळपातलं कोकरू लांडग्यानं नेलं होतं आणि ती भरपाईचा अर्ज घेऊन लगबगीनं त्याच्या तळावर गेली होती. जोतिबा निवांत तंबाखू मळत बसला होता.

"कशाची भरपाई, ताई?" तो म्हणाला. "वाटा गेला."

"म्हणजे?"

"लांडग्यानं नेलं तर वाटा गेला म्हनायचं. रडायचं न्हाई, मागं लागायचं न्हाई. त्योबी ह्याच माळावर जलमलाय, त्येलाबी पोट हाय. पन कुत्र्यानं कोकराला तोंड लावलं तर ती चोरी. आमच्या हातची भाकरी खाऊन आमच्यातच चोरी! असलं कुत्रं ठेवायचं न्हाई. आन ज्याचं कुत्रं, त्येनंच त्येला संपवायचं. म्हंजी मागनं भांडान न्हाई."

कायद्यानं लांडगा जपला होता तो कागदावर. माळावर त्याला जगवलं होतं ते ह्या एका शब्दानं. राजमतीनं तो शब्द आपल्या लेखांत मांडला, परदेशातल्या सभांत सांगितला. ज्यांनी आपल्या देशातले लांडगे कधीच संपवले होते ते लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. परत आल्यावर तिनं कौतुकानं जोतिबाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "टाळ्या कशाला? त्येंच्याकडं लांडगं जेवत न्हाईत व्हय?"

असं सगळं बरं चाललं होतं असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. माळ आकसत चालला होता. कुठं कुंपणं आली, कुठं रस्ता रुंद झाला. ढाब्यांच्या उष्ट्यावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या गेल्या आणि त्यांनी लांडग्यांना रोग दिले. एकेक कळप विरत गेला. शेवटी उरली एक जोडी. त्यातला नर गेल्या पावसाळ्यात ट्रकखाली आला. राजमतीनं त्याला स्वतःच्या हातांनी रस्त्यावरून उचललं आणि जीपमध्ये बसून पोटभर रडली. आता मादी तेवढी राहिली. तिचा एक कान उभा चिरलेला होता म्हणून मेंढके तिला कानफाटी म्हणायचे. एका बाईची उभी हयात आता ह्या एका जनावरावर येऊन टेकली होती. कानफाटी गेली की माळावरचं लांडग्यांचं हे घराणं बुडालं, हे राजमतीला पक्कं ठाऊक होतं.

आता मोज्याचं सांगायला हवं. मोज्या हा राजमतीचा कुत्रा. जोतिबाच्या कुत्रीचं हे पिल्लू जोतिबाच्या बायकोनं, बयाबाईनं, आणून दिलं होतं. अंगानं तांबूस आणि पुढचा एकच पाय गुडघ्यापर्यंत पांढराशुभ्र. "एकाच पायात मोजा घालून आलंय बघा बेणं," असं बयाबाई म्हणाली आणि तेच नाव पडलं. राजमती टेबलाशी काम करायला बसली की तो पांढरा पाय तिच्या चपलेवर ठेवून झोपायचा.

कुत्र्यांची नसबंदी करा, नाहीतर ती लांडग्यांत मिसळतील, हे राजमती गावोगाव ओरडून सांगत होती. तिनं शिबिरं भरवली, दारोदार जाऊन लोकांची कुत्री उचलून आणली, शिव्या खाल्ल्या. म्हसवडच्या शिबिराच्या दिवशी मोज्याला गोचीडताप होता. डॉक्टर म्हणाले, ह्याचं पुढच्या खेपेला करू. पुढच्या खेपेला ती पुण्याला होती. त्याच्या पुढच्या खेपेला विषयच निघाला नाही. मोज्या काय, कुंपणातच असतो. अख्ख्या तालुक्याची कुत्री तिनं आवरली आणि स्वतःच्या टेबलाखालचं तेवढं राहून गेलं.

दिवाळीच्या सुमाराला आईचं दुखणं वाढलं, म्हणून राजमती सांगलीला गेली आणि तिथंच अडकली. परत आली तर मोज्या वाळून काडी झालेला, पाठीवर ओरखडे.

"फरार हुता, मॅडम," मानसिंगनं फौजी थाटात खबर दिली. "कुंपनाखालनं उकरून पळाला. आता हाजिर हाय."

राजमतीनं त्याला दूधभाकरी कालवून घातली आणि लाडानं चार शिव्या दिल्या. आणखी काही तिच्या मनातही आलं नाही.

उन्हाळा लागायच्या सुमाराला एका सकाळी जोतिबा काठी टेकत केंद्रावर आला. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो मेंढरं घेऊन कोकणात उतरत नव्हता. बाकीचे मेंढके खाली गेलेले, हा एकटा माळावर मागं राहिलेला.

"ताई, पेढं वाटा!" तो फाटकातूनच ओरडला. "कानफाटी याली! तीन पोरं हायत. म्या सोता बगितली वड्याच्या कपारीत."

राजमतीला त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली. सोलापूरकडून एखादा नर भटकत आला असणार. येतात तसे, कधीमधी. घराणं वाचलं! तिनं त्याच दिवशी ओढ्याकाठी आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावला आणि आठवड्यानं जाऊन काढून आणला.

पहिल्या फोटोत कानफाटी. दुसऱ्यात एक काळपट पिल्लू. लांडग्याचं पिल्लू असं काळं नसतं. तिसऱ्या फोटोत एक तांबूस पिल्लू कॅमेऱ्याकडं टकमक बघत उभं होतं, शेपटी वर वळलेली आणि पुढचा एक पाय गुडघ्यापर्यंत पांढराशुभ्र. टेबलाखाली, तिच्या चपलेवर, तसलाच एक पाय ठेवून मोज्या घोरत होता.

तरी तिनं पिल्लांची विष्ठा तपासायला पाठवली. खात्री करून घेतल्याशिवाय बोलायचं नाही, ही शिस्त. उत्तर आलं ते तिला माहीतच होतं. आई लांडगी, बाप कुत्रा. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

जेठात कळप परतले आणि घोटाळा सुरू झाला. पिल्लं आता चांगली दांडगी झाली होती. लांडग्याची जात माणूस दिसला की अंग चोरून निघून जाते. ही पिल्लं भर दुपारी तळावर यायची, शेपूट हलवायची, तव्याखालच्या राखेत तोंड घालायची. एके दिवशी त्यांनी गुंडा नावाच्या तरण्या मेंढक्याचं कोकरू त्याच्या डोळ्यांदेखत ओढून नेलं. गुंडा भडक माथ्याचा. तो म्हणाला, हे काही लांडगं नव्हं. जोतिबा म्हणाला, कानफाटीची पोरं हायत, वाटा गेला म्हण आन गप बस. त्यावरून तळावर जुंपली. शेवटी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ताईला विचारायचं. ताई सांगंल ते खरं.

बिरोबाच्या देवळापुढं सगळे जमले. राजमती जीपमधून येताना एकच शब्द घोकत आली होती. लांडगा. विचारलं की म्हणायचं, लांडगा. एवढंच तर बोलायचंय! आई लांडगीच आहे. ही तीन पिल्लं तरली तर कानफाटीही माळावर टिकेल, कधीतरी खरा नर येईल. नुसता एक शब्द.

"ताई," जोतिबा हात जोडून म्हणाला, "तुमी ह्येंच्या पिढ्या बगितल्याता. बिरोबाम्होरं सांगा. लांडगं का कुत्रं?"

राजमतीनं तोंड उघडलं. समोर ती माणसं होती, ज्यांनी आपली कोकरं तिच्या शास्त्राच्या कितीतरी आधीपासून लांडग्यांना दिली होती, आणि ज्यांना तिनं आजवर कधी फसवलं नव्हतं. काट्यावर पोतं चढवणारे वडील तिला आठवले. घोकलेला शब्द काही केल्या जिभेवर येईना.

"निम्मं," ती म्हणाली.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग गुंडा फसकन हसला. "निम्मं? म्हंजी कसं? निम्मा वाटा आन निम्मी चोरी व्हय? माजं कोकरू त अख्खं गेलं की वो!"

सगळे हसले. राजमती समजावून सांगू लागली, आईकडून काय येतं, बापाकडून काय येतं. बोलता बोलता तिच्याच लक्षात येत गेलं की ह्या लोकांच्या न्यायात निम्म्याला जागा नाही. हा न्याय तिनंच जगभर सांगितला होता, तिच्याइतका तो बाहेरच्या कुणालाच ठाऊक नव्हता. तरीही तिनं निम्मं म्हटलं होतं, कारण तिच्या हिशेबानं ते अचूक होतं.

जोतिबा हसला नव्हता. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "बाप कुनाचा, ताई?"

इथंही तिला गप्प राहता आलं असतं.

"माझा. मोज्या."

बयाबाईनं तोंडावर पदर धरला. आता पुढं काय ते सांगायची गरजच नव्हती. ज्याचं कुत्रं, त्येनंच.

"मी धरते त्यांना," राजमती घाईघाईनं म्हणाली. "पिंजरे लावते. जिवंत पकडून लांब नेते. मला थोडा वेळ द्या."

जोतिबानं सगळ्यांकडं एकदा बघितलं. "वटाच्या पुनवंपतोर," तो म्हणाला. "त्याम्होरं माझ्या हातात न्हाई."

ती वनाधिकाऱ्याकडं गेली. विश्वजीत नावाचा तरुण अधिकारी, तिचीच पुस्तकं वाचून ह्या नोकरीत आलेला. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, लांडगा असेल तर पकडायला वरून परवानगी लागते. कुत्रा असेल तर तो आमच्याकडं येतच नाही. निम्म्याचं काय करायचं ते कुठंच लिहिलेलं नाही. मी आजच वर विचारतो." त्यानं खरंच त्याच दिवशी विचारलं. उत्तर यायला वेळ लागणार होता, आणि त्यात त्याचा दोष नव्हता.

परवानगीची वाट न बघता राजमतीनं पिंजरे लावले. नियम मोडायची तिची ही पहिलीच खेप. म्हसवडच्या बाजारातून तिनं मटण आणलं, स्वतःच्या हातांनी पिंजऱ्यात टांगलं. पिल्लं हुंगत यायची, अगदी दाराशी यायची, आणि कानफाटी कुठूनतरी झेपावून त्यांना मानेला धरून मागं ओढायची. पिंजरा काय असतो हे तिला शिकवलं होतं राजमतीनंच. तरणी असताना तिला असल्याच पिंजऱ्यात पकडून गळ्यात माग काढायचा पट्टा घातला होता. रोज सकाळी राजमती जाऊन बघायची, रोज पिंजरे रिकामे. मटणाला मुंग्या लागलेल्या. ती जागच्या जागी बसून पिंजऱ्याला शिव्या द्यायची, कानफाटीला द्यायची आणि मग स्वतःला.

पौर्णिमा झाली. बायकांनी वडाला सूत गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मानसिंग पळत आला. आज त्याच्या तोंडात फौजी भाषा नव्हती.

"मॅडम, वड्याकडं चला."

तिन्ही पिल्लं पाण्याच्या डबक्याकडं तोंड करून पडली होती. पांढऱ्या पायाचं पाण्याच्या सगळ्यात जवळ पोचलं होतं. आणि त्यांच्या मागं, जरा वरच्या अंगाला, कानफाटी. तोंडाला फेस, डोळे उघडे. राजमतीनं तिच्या चिरलेल्या कानावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत भूल दिल्याशिवाय तिला हात लावायची ही पहिलीच वेळ. पलीकडं अर्धवट खाल्लेलं कोकरू पडलं होतं. त्याच्या पाठीवरच्या लोकरीला निळीचा पट्टा होता. त्या माळावर निळीची खूण एकाच कळपाची होती, जोतिबाच्या.

तो स्वतःहूनच आला. ती केंद्राच्या पायरीवर बसली होती आणि विश्वजीतला फोन जाऊन बराच वेळ झाला होता. मोज्या उड्या मारत जोतिबाला सामोरा गेला, त्याचे हात चाटायला लागला. म्हाताऱ्यानं त्याला दूर केलं नाही.

"म्या घातलं औषध," जोतिबा म्हणाला. "ज्याचं कुत्रं त्येनं करायचं. पन तुमी मुंगी न मारनाऱ्या घरातल्या. तुमच्याच्यानं झालं नसतं. गुंडानं केलं असतं तर त्येनं ह्यालाबी सोडलं नसतं." त्यानं मोज्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्येचा गुन्हा न्हाई. ह्येनं कोकराला तोंड लावलं न्हाई. मोठ्या भावानं करावं तसं केलं, ताई. कोकरूबी माझंच घातलं."

राजमतीनं मोज्याला जवळ ओढलं.

"तिला न्हवतं घालायचं," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "बिरोबाची आन, तिला न्हवतं घालायचं. तिनं कवा मानसानं टाकलेलं खाल्लं न्हाई. मला वाटलं ती न्हाई खानार. पोरं खायाला लागली म्हनून तिनंबी तोंड लावलं आसंल." त्यानं खांद्यावरच्या घोंगडीनं डोळे पुसले. "ती वाट्याची हुती. आता वाटा कुनाचा काढायचा?"

तो पायरीखाली मातीतच बसला. "केस करा माझ्यावर. म्या न्हाई म्हननार न्हाई."

विश्वजीतची गाडी आली तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. विश्वजीत ओढ्यावर जाऊन आला, मेलेली जनावरं बघून त्याचा चेहरा उतरला होता. जोतिबाला त्यानं पाणी दिलं. बाजूचा म्हातारा, बघायला आला असेल, असंच त्याला वाटलं. मग तो राजमतीसमोर खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, तुमचा जबाब लागेल. कोणावर संशय?"

जोतिबानं मान वर केली. तो बोलायला तोंड उघडणार एवढ्यात राजमती म्हणाली, "नाही."

"कोकरू कुणाचं ते?"

"माहीत नाही. खूण ओळखता आली नाही."

विश्वजीतनं ते लिहून घेतलं. तो जरा घुटमळला. "आणि जनावरं, मॅडम? आई लांडगी, ते दिसतंय. पिल्लांचं काय लिहू? तुम्ही मला सांगितलं होतं, निम्मी..."

"लांडगे," राजमती म्हणाली. "चारही लांडगे."

किती सहज निघाला शब्द! जीभ अडखळली नाही, आवाज कापला नाही, वडीलही आठवले नाहीत. हेच जर बिरोबापुढं म्हटलं असतं तर कानफाटी आत्ता ओढ्याच्या सावलीत पोरं घेऊन पडली असती. राजमतीनं खाली सही केली. जोतिबा तिच्याकडं बघत होता, आणि तिला त्याच्या नजरेला नजर देता येत नव्हती.

"अंधार पडायच्या आत खड्डे काढायला पाहिजेत," ती मानसिंगला म्हणाली आणि फावडं आणायला उठली. जोतिबाही काठी टेकत तिच्या मागून निघाला.